धागा: जुन्या नऊ पिनांच्या टीव्ही गेमसाठी घरगुती आर्केड कंट्रोलर – लीव्हर, मोठी बटणे आणि आईचा अंगठा

राजेंद्रनगरकर (इंदूर)

नमस्कार. आमच्या घरी नव्वदच्या दशकात घेतलेला, पिवळ्या कॅसेटींवर चालणारा टीव्ही गेम आजही सुरू होतो. मूळ निन्टेन्डो फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आला. आमचा संच अर्थातच त्याची नक्कल आहे, आणि त्याच्या पुढच्या बाजूला पॅडसाठी नऊ पिनांची दोन सॉकेट आहेत. त्या काळी दुपारची आवराआवर झाली की आई आम्हा दोघा भावंडांपैकी एकाला बाजूला सारून ‘बॅटल सिटी’ खेळायला बसत असे. रणगाड्याने विटांच्या भिंती फोडत पुढे जायचे आणि तळाशी असलेला गरुड सांभाळायचा, एवढाच तो खेळ. पण तिच्या इतक्या शांतपणे तो खेळणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

आता ती ६८ वर्षांची आहे आणि तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा आखडला आहे. पॅडवरची दिशांची फुली त्याच अंगठ्याने दाबावी लागते, त्यामुळे दोन मिनिटांत ती पॅड खाली ठेवते. तिची मूठ मात्र व्यवस्थित वळते आणि मनगटही हलते. म्हणून मुठीत धरता येईल असा लीव्हर आणि तळहाताने दाबली तरी चालतील अशी ३० मिमीची बटणे असलेला कंट्रोलर घरीच करावा असे ठरवले आहे. एक लीव्हर आणि सहा बटणांचा साधा संच मागवला आहे. बाकीचे सुटे भाग जेल रोडवर आणि लोखंडी सामान सियागंजात मिळेल.

मला तीन गोष्टींवर अनुभवी सभासदांचे मत हवे आहे. जुन्या पॅडमधलीच सर्किटची पट्टी वापरावी की नवे सर्किट बांधावे? पेटी कशाची आणि किती जाडीची करावी? आणि या लीव्हरची स्प्रिंग आईच्या हाताला फार ताठ वाटते, त्यावर काय करता येईल?

डाख_आणि_तार (इंदूर)

नवे सर्किट बांधा, असे मी निःसंकोच सुचवेन, कारण या पॅडच्या आत जे आहे ते इतके साधे आहे की हाताने बांधणे हाच त्यातला सोपा मार्ग आहे. मूळ पॅडमध्ये ४०२१ नावाची एकच सोळा पायांची चिप असते. ती आठ बटणांची स्थिती एकाच क्षणी टिपून घेते आणि मग एका तारेवरून एकापाठोपाठ एक अशी कन्सोलकडे पाठवते. कन्सोल आधी लॅचच्या तारेवर एक ठोका देतो, म्हणजे ‘आता टिपून घे’. त्यानंतर क्लॉकच्या तारेवर ठोके देत राहतो, आणि प्रत्येक ठोक्याला पुढचे बटण डेटाच्या तारेवर येते. क्रम ठरलेला आहे: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. पाच व्होल्ट आणि ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) धरून एकूण पाच तारा होतात.

जोडणी अशी करा. ए बटण चिपच्या पहिल्या पायाला, बी पंधराव्या, सिलेक्ट चौदाव्या, स्टार्ट तेराव्या. वर चौथ्या, खाली पाचव्या, डावे सहाव्या आणि उजवे सातव्या पायाला. तिसऱ्या पायातून डेटा बाहेर येतो, नववा पाय लॅचचा, दहावा क्लॉकचा. सोळावा पाच व्होल्टना, आठवा ग्राउंडला, आणि अकरावाही ग्राउंडलाच बांधून टाका. बारावा आणि दुसरा पाय हे बाहेर येणारे आहेत, ते मोकळे राहिले तरी चालतात. चिपच्या अगदी जवळ, सोळाव्या आणि आठव्या पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावा. दुकानात ‘१०४’ म्हटले की देतात.

बटणाचे एक टोक चिपच्या पायाला आणि दुसरे ग्राउंडला जाते. बटण दाबलेले नसताना तो पाय हवेत लोंबकळत राहू नये म्हणून प्रत्येक पायावरून पाच व्होल्टकडे दहा किलोओहमचा एक रोध (रेझिस्टर) हवा. आठ सुटे रोध लावण्यापेक्षा नऊ पायांची रोधांची पट्टी घ्या. तिच्या एका टोकाला ठिपका असतो. ठिपक्याकडचा पाय सामाईक असतो, तो पाच व्होल्टना जातो.

लष्करकर (ग्वाल्हेर)

माझे मत थोडे वेगळे आहे. मी दोन वर्षांपूर्वी जुन्या पॅडची पट्टी वापरूनच असा कंट्रोलर केला आणि तो अजून चालतो आहे. चिप, रोध, कपॅसिटर हे सगळे त्या पट्टीवर आधीपासूनच असते, आणि मुख्य म्हणजे पट्टीला जोडलेली केबल आपल्याच कन्सोलची असल्याने कोणती तार कुठे जाते हे शोधत बसावे लागत नाही. फक्त प्रत्येक बटणाच्या जागी दोन तारा सोल्डर करून त्या मोठ्या बटणापर्यंत न्यायच्या आहेत. ज्यांनी आयुष्यात कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेले नाही, त्यांना सोळा पायांची चिप पाहूनच धडकी भरेल.

डाख_आणि_तार

लष्करकर, आपले म्हणणे मी नाकारत नाही, पण त्या मार्गात एक अडचण आहे आणि ती नवशिक्यालाच जास्त नडते. रबराचे बटण ज्या काळ्या जागेवर टेकते तिथे तांब्यावर कार्बनचा लेप असतो, आणि त्या लेपावर सोल्डर धरत नाही. ब्लेडने तो खरवडून खालचे तांबे उघडे करावे लागते. जरा जोर झाला की तांब्याची पातळ पट्टीच उचलून येते. नकली पॅडमध्ये चिपही सुटी नसते, पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो आणि त्याच्याखाली सगळे दडलेले असते, त्यामुळे काही बिघडले तर दुरुस्ती नाहीच. ४०२१ मात्र सॉकेटमध्ये बसवली तर उद्या जळाली तरी नखाने उचकटून नवी बसवता येते, आणि तिची किंमतही अगदी मामुली आहे. ज्यांच्यासाठी हा कंट्रोलर होतो आहे त्या पुढची दहा वर्षे तो वापरणार असतील, तर दुरुस्त होऊ शकेल अशीच वस्तू करावी, असे मला मनापासून वाटते.

लष्करकर

दुरुस्तीचा मुद्दा मान्य आहे. कार्बन खरवडताना माझ्याकडूनही ‘खाली’ दिशेची पट्टी उचलली गेली होती आणि ती तार पुढच्या भोकातून फिरवून न्यावी लागली होती. तरीही जुन्या पॅडची केबल तेवढी नक्की वापरावी, कारण नऊ पिनांचे ते तोंड सुटे घेऊन तारा भरणे हे किचकट काम आहे.

राजेंद्रनगरकर

दोघांचेही आभार. नवे सर्किट आणि जुनी केबल, असे ठरवतो. पण पाच तारांमधली कोणती कशाची हे कसे ओळखायचे? माझ्या केबलमधल्या तारा पांढरी, लाल, पिवळी, हिरवी आणि काळी अशा आहेत. लाल म्हणजे पाच व्होल्ट आणि काळी म्हणजे ग्राउंड असे धरून चालावे का?

डाख_आणि_तार

कृपया तसे मुळीच धरून चालू नका. माझ्या पहिल्या कंट्रोलरच्या वेळी मी रंगांवर विश्वास ठेवला होता. त्या केबलमध्ये लाल तार ग्राउंडची निघाली, आणि चालू करताच चिप इतकी तापली की बोट ठेववेना. नक्कल संचांमध्ये तारांचे रंगही ठरलेले नसतात आणि पिनांचा क्रमही संचागणिक बदलतो. काही संचांना तर नऊऐवजी पंधरा पिना असतात. म्हणूनच पिनांचे क्रमांक मी इथे मुद्दाम देत नाही. मल्टिमीटरने शोधा, पंधरा मिनिटांचे काम आहे.

कन्सोलची वीज काढून ठेवा आणि त्याचे झाकण उघडा. आत टीव्हीची केबल जिथे निघते तिथे पत्र्याची एक डबी असते. तो पत्रा म्हणजे ग्राउंड. मीटर ‘बीप’वर ठेवून एक टोक पत्र्याला लावा आणि दुसरे टोक केबलच्या प्रत्येक तारेला लावत जा, जिथे वाजेल ती तार ग्राउंडची. मग ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर शोधा. त्यावरचा मजकूर आपल्याकडे तोंड करून ठेवला की उजवीकडचा पाय म्हणजे पाच व्होल्टचा. त्याच्याशी जी तार वाजेल ती पाच व्होल्टची. आता झाकण लावून कन्सोल चालू करा आणि उरलेल्या तीन तारा ग्राउंडच्या संदर्भात मोजा. जी जवळजवळ शून्य दाखवेल ती लॅच, कारण तिच्यावर फक्त क्षणभराचे ठोके येतात आणि मीटरला ते दिसत नाहीत. दुसऱ्या दोन क्लॉक आणि डेटा. या दोघींमध्ये गोंधळ होऊ शकतो, म्हणून पहिल्या चाचणीपुरता चिपच्या तिसऱ्या पायातून निघणाऱ्या तारेत एक किलोओहमचा रोध घाला. तारा उलटसुलट लागल्या तरी काही जळणार नाही, बटणे तेवढी चालणार नाहीत. मग अदलाबदल करून पाहा.

लाकूडकाम (बडोदे)

पेटीबद्दल मी लिहितो, कारण अशा चार पेट्या मी केल्या आहेत आणि त्यातल्या पहिल्या दोन वाया घालवल्या आहेत.

पहिल्या पेटीचा वरचा फळा मी १८ मिमी प्लायचा केला होता. दिसायला भक्कम, पण लीव्हर खालून बसवल्यावर त्याची दांडी इतकी थोडी वर आली की मुठीत धरायला गोळ्याखाली जागाच उरली नाही. वरचा फळा १२ मिमीचा घ्या आणि लीव्हरच्या पत्र्याच्या मापाची जागा खालच्या बाजूने पटाशीने किंवा राउटरने अर्धी खोदा, म्हणजे तिथे ६ मिमी लाकूड उरेल. एमडीएफला भोके स्वच्छ पडतात हे खरे, पण लीव्हरचे स्क्रू रोजच्या हिसक्यांनी त्यात सैल होतात. प्लायलाच आरपार बोल्ट आणि नट लावा, लाकडी स्क्रूवर भरवसा ठेवू नका.

बटणे कोणत्या प्रकारची आहेत हे भोके पाडण्यापूर्वी पाहून घ्या. बाजूला प्लास्टिकच्या दोन जिभा असलेली, दाबून बसवायची बटणे फक्त दोन ते चार मिमी जाडीच्या पत्र्यात किंवा ॲक्रिलिकमध्ये अडकतात. १२ मिमीच्या लाकडात जिभांना पकड मिळत नाही आणि जोराने दाबताच बटण वर उचलले जाते. लाकडासाठी आटे आणि मोठी चकती असलेली बटणे हवीत. आपल्या संचात पहिल्या प्रकारची आली असतील, तर लाकडात मोठी खिडकी कापा आणि तिच्यावर ३ मिमी ॲक्रिलिक घाला. ॲक्रिलिकला घरी भोके पाडू नका, कडेला तडा गेल्याशिवाय राहत नाही. दुकानांच्या पाट्या करणारे लेझरवर कापून देतात. कागदावर पूर्ण मापात आकृती काढून न्या.

मापे अशी: ३० मिमीच्या बटणाची कड सुमारे ३३ मिमी असते, म्हणून दोन बटणांच्या मध्यबिंदूंत किमान ३६ मिमी ठेवा. आपल्या आईसाठी मी ४५ ठेवेन, म्हणजे तळहात एका बटणावर टेकला तर शेजारचे दाबले जाणार नाही. पेटी ३८० बाय २४० मिमी असावी. मांडीवर आडवी बसते आणि लीव्हरच्या डावीकडे मनगट टेकायला जागा राहते. प्लायला होल सॉने भोक पाडताना आधी मधले बारीक भोक आरपार करा, मग अर्धी खोली एका बाजूने आणि उरलेली दुसऱ्या बाजूने कापा. नाहीतर ज्या बाजूने सॉ बाहेर पडतो तिथले वरचे पापुद्रे उचकटतात. पुढच्या कडा गोल घासायला विसरू नका. तासभर खेळल्यावर मनगटाला टोचते ती हीच कड.

नवशिकी (इंदूर)

मध्येच विचारते त्याबद्दल क्षमस्व. माझ्याकडे जुना संच नाही, संगणकावरच जुने गेम खेळते. हेच सर्किट यूएसबीला जोडता येईल का?

डाख_आणि_तार

४०२१ थेट यूएसबीला जोडता येत नाही. आपल्यासाठी रास्पबेरी पाय पिको हे छोटे बोर्ड घ्या. त्यावर जीपी२०४०-सीई हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की बोर्डचा प्रत्येक पाय एकेका बटणाला थेट जोडता येतो, वेगळे रोध लागत नाहीत. पेटी, लीव्हर आणि बटणे मात्र अगदी अशीच राहतील.

राजेंद्रनगरकर

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. लाकूडकाम यांच्या मापांप्रमाणे पेटी झाली, बटणे आट्यांची निघाली हे नशीब. सर्किट बांधून झाले, आणि पहिल्याच दिवशी दोन दोष दिसले.

पहिला दोष लगेच कळला. ‘ए’ बटण सतत दाबल्यासारखे वागत होते आणि दाबले की सुटत होते. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन पाय असतात. मी तार मधल्या भलत्याच पायावर लावली होती. ‘एनओ’ (एरवी उघडा, दाबल्यावरच जोडला जाणारा) लिहिलेल्या पायावर घेतल्यावर ते ठीक झाले.

दुसरा दोष मला अजून उलगडलेला नाही. रणगाडा मधूनच आपोआप उजवीकडे सरकतो. लीव्हरला हात लावलेला नसतो. विचित्र गोष्ट अशी की मी पेटीच्या खालून हात नेला की तो हमखास सरकतो, आणि पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की एखादे वेळी थांबतो. उजव्या दिशेचा स्विच काढून टाकला, तरीही तेच. चिप खराब निघाली असेल का?

डाख_आणि_तार

चिप खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. हात जवळ नेल्यावर वागणूक बदलते, याचा अर्थ सातवा पाय हवेत लोंबकळतो आहे. ४०२१ सीमॉस जातीची चिप आहे. तिच्या इनपुटला जवळजवळ काहीच प्रवाह लागत नाही, त्यामुळे कशालाही न जोडलेला पाय आसपासच्या विजेचा, अगदी आपल्या शरीराचाही, परिणाम उचलतो आणि कधी शून्य तर कधी एक असा वाचला जातो. सातव्या पायावरचा रोध खरोखर जोडला गेला आहे का ते पाहा. कन्सोल बंद ठेवून चिप सॉकेटमधून काढा आणि सॉकेटच्या सातव्या व सोळाव्या भोकांमध्ये रोध मोजा. दहा किलोओहम यायला हवा.

राजेंद्रनगरकर

मोजला. बाकी सातही ठिकाणी ९.८ ते १०.१ किलोओहम, सातव्यावर काहीच नाही. भिंगातून पाहिले तर रोधपट्टीच्या शेवटच्या पायाभोवती सोल्डरचा करडा, खडबडीत गोळा होता आणि पायाभोवती केसाएवढी काळी रेघ दिसत होती; म्हणजे सोल्डर पायाला चिकटलेच नव्हते, नुसते त्याच्याभोवती बसले होते. फ्लक्स लावून पुन्हा तापवल्यावर गोळा चकचकीत होऊन पायावर चढला. आता रणगाडा जिथे ठेवावा तिथे उभा राहतो. पंख्याचे कोडेही सुटले. मनापासून आभार.

एक गोष्ट इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. लीव्हर उजवीकडे ढकलला की खालचा डावीकडचा स्विच दाबला जातो, कारण दांडी मधल्या सांध्यावर फिरते आणि तिचे खालचे टोक उलट बाजूला जाते. मी आधी समोरासमोरच्या तारा लावल्या आणि चारही दिशा उलट्या झाल्या.

आता प्रश्न स्प्रिंगचा. आई पाच मिनिटे खेळली आणि ‘हात भरून आला’ म्हणाली. कुणीतरी सुचवले की स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाका. करू का?

लाकूडकाम

कापू नका. वेढे कमी केले की स्प्रिंग आखूड होते, त्यामुळे सुरुवातीचा दाब कमी झाल्यासारखा वाटतो. पण उरलेला प्रत्येक वेढा जास्त ताणला जातो आणि स्प्रिंग उलट अधिक ताठ होते. पुढे ढकलताना ते जाणवते. शिवाय लीव्हर मध्यावर परत येताना लुळा पडतो. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. त्याच व्यासाची, तितक्याच वेढ्यांची, पण जरा पातळ तारेची स्प्रिंग शोधा. जुनी स्प्रिंग घेऊन दुकानात जा आणि व्हर्नियरने मोजायला लावा.

राजेंद्रनगरकर

सियागंजात तिसऱ्या दुकानात मिळाली. जुन्या स्प्रिंगची तार ०.९ मिमीची होती, नवी ०.८ची. हिशेब केला तर ताठपणा सुमारे ६२ टक्क्यांवर येतो, आणि हाताला फरक तेवढाच जाणवतो. दुकानदारांनी डब्यातल्या तीसेक स्प्रिंगा टेबलावर ओतून एकेक मोजून दिली, तेही अर्ध्या तासाच्या कामाचे पैसे न घेता.

लष्करकर

लीव्हरच्या खाली चौकोनी झरोका असलेली प्लास्टिकची पट्टी असते, तिच्याकडेही लक्ष द्या. ती चौकोनी बसवलेली असेल तर लीव्हर कोपऱ्यात जातो आणि एकाच वेळी दोन दिशा दाबल्या जातात. ‘बॅटल सिटी’त रणगाड्याला चारच दिशा आहेत. वळताना लीव्हर कोपऱ्यात अडकला की दोन दिशांपैकी भलतीच घेतली जाते आणि रणगाडा भिंतीला तोंड करून उभा राहतो. पट्टी ४५ अंशांत फिरवून हिऱ्यासारखी बसवा, म्हणजे कोपरे नेमके वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे येतील आणि तिरपी वाट बंद होईल. उड्या मारण्याचे किंवा विमानांचे गेम खेळताना पट्टी पुन्हा सरळ करावी लागेल.

राजेंद्रनगरकर

केले. चार स्क्रूंचे काम होते, आणि स्प्रिंगपेक्षाही यानेच खेळ जास्त सुधारला. माझी शेवटची विनंती आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बटणाबद्दल आहे. आईला एकसारखे बटण ठोकणे जड जाते, दाबून धरणे जमते. जुन्या पॅडला अशी दोन वेगळी बटणे होती.

डाख_आणि_तार

५५५ टायमरने होते, म्हणजे ठरावीक वेगाने आपोआप ठोके देणाऱ्या छोट्या चिपने. पहिला रोध १० किलोओहम, दुसरा ४७ किलोओहम आणि कपॅसिटर १ मायक्रोफॅरड घेतला की १.४४ ला (१० + २ × ४७) किलोओहम गुणिले १ मायक्रोफॅरडने भागून सेकंदाला जवळजवळ १४ ठोके मिळतात. याहून फार वेगाने नेण्याचा मोह टाळा. कन्सोल बटणे सेकंदाला साधारण ५० किंवा ६० वेळाच वाचतो, आणि एक गोळी झाडायला त्याला एकदा ‘दाबले’ आणि एकदा ‘सोडले’ असे दोन्ही दिसावे लागते. ठोके २५ ते ३० च्या वर गेले की काही वाचनांत ते दिसतच नाहीत आणि गोळ्या उलट कमी सुटतात.

५५५ चा तिसरा पाय थेट ‘ए’च्या तारेला जोडू नका. तो ‘एक’ देत असताना साधे ‘ए’ बटणही दाबले गेले तर ५५५ चे टोक सरळ ग्राउंडला लागेल. मध्ये १एन४१४८ डायोड घाला. त्याची पट्ट्याची बाजू ५५५ कडे ठेवा आणि दुसरी बाजू आपोआप-गोळीच्या बटणातून ‘ए’च्या तारेकडे न्या. मग ५५५ फक्त तार खाली ओढू शकतो, वर ढकलू शकत नाही. डायोडवर पडणारा ०.६ व्होल्टचा फरक अडचणीचा नाही. पाच व्होल्टवर ही चिप दीड व्होल्टपर्यंत सगळे शून्यच मानते.

कुणी विचारण्याआधी लिहून ठेवतो: साध्या बटणांच्या स्विचची पाती दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात, त्यासाठी वेगळे काही करू नका. कन्सोलची दोन वाचने १६ ते २० मिलिसेकंदांच्या अंतराने होतात. थरथरीच्या मध्ये एखादे वाचन सापडले तरी पुढच्या वाचनापर्यंत पाती स्थिर झालेली असतात, त्यामुळे एका दाबाचे दोन दाब होत नाहीत.

राजेंद्रनगरकर

काल संध्याकाळी पूर्ण कंट्रोलर आईच्या मांडीवर ठेवला. लीव्हर ती चार बोटांच्या मुठीत धरते, अंगठा बाहेर मोकळा राहतो. आपोआप-गोळीचे लाल बटण उजव्या तळहाताच्या टाचेखाली येते. पहिल्या टप्प्यातले वीसही रणगाडे तिने गरुडाला धक्का न लागू देता संपवले, आणि मग ‘दुसरा पॅड काढ, तुझ्या भावाला बोलाव’ असे म्हणाली. तो वैशाली नगरहून पोहे-जिलबी घेऊन आला आणि आम्ही आठव्या टप्प्यापर्यंत खेळलो. लहानपणी याच खेळात आमच्या गोळ्या एकमेकांना लागून रणगाडा गोठायचा आणि त्यावरून भांडणे व्हायची. आईने काल मुद्दाम एक गोळी त्याच्या रणगाड्याला मारली.

एक चूक राहिली आहे. स्टार्टचे बटण मी वरच्याच फळ्यावर, उजवीकडे ठेवले. रंगात आल्यावर आईचे मनगट त्यावर टेकते आणि खेळ थांबतो. काल चार वेळा असे झाले. ते मागच्या पट्टीवर न्यायचे आहे, पण वरचे २४ मिमीचे भोक कसे बुजवावे?

लाकूडकाम

भोक बुजवू नका, पुटीन भरले तरी वर्षभरात कडेने तडकते. त्याच मापाचा काळा प्लास्टिकचा झाकणबूच मिळतो. फर्निचरच्या सामानाच्या दुकानात, टेबलातून वायर काढण्याच्या भोकाचे झाकण म्हणून मागा. स्टार्ट आणि सिलेक्ट दोन्ही मागच्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यापासून ६० आणि ११० मिमीवर घ्या, उजव्या हातापासून लांब. पट्टी १८ मिमी प्लायची असेल तर त्या जागी आतून १० मिमी खोदून घ्यावे लागेल, नाहीतर चकतीच्या आट्यांना धरायला जागा मिळणार नाही. तारा तोडू नका. त्या फळीखालून फिरवून नेण्याइतक्या लांब असतील तर नुसत्या हलवा, आणि केबलला पेटीबाहेर पडते तिथे आतून एक गाठ नक्की मारा.

राजेंद्रनगरकर

तारा १५ सेंटीमीटरने कमी पडतात, जोड द्यावा लागेल. झाकणबूच आणि उष्णतेने आकसणारी नळी रविवारी आणतो. दुसऱ्या कंट्रोलरसाठी प्लायचा उरलेला तुकडा पुरतो आहे, आणि त्याची मापे आईने स्वतः पेन्सिलने आखून ठेवली आहेत. बटणांमधले अंतर तिने ४५ ऐवजी ५० केले आहे.